आक्कांची वही आणि पैशाचे तीन रकाने: अमळनेरच्या पापड उद्योगाच्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

सकाळच्या गाडीने अमळनेर. पापड उद्योगाच्या वेबसाइटचं आणि ऑनलाइन पैसे घेण्याचं काम आपल्याकडे येतंय हे ऑफिसातल्या दादांनी आधीच सांगितलं होतं, पण जागा बघितल्याशिवाय अंदाजपत्रक द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. बरं झालं.

उद्योग आक्कांचा. त्यांच्या घरामागे पत्र्याची मोठी शेड आहे. तिथे चौदा बाया काम करतात. आज बिबड्यांचा घाटा शिजत होता. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून केलेला तो घाटा ओल्या फडक्यावर थापायचा आणि गच्चीवर वाळत घालायचा. उडदाचे पापड, नागलीचे पापड, कुरडया, शेवया, मुगाच्या वड्या. माल पुण्याला, नाशिकला, सुरतला जातो. खान्देशातून कामासाठी बाहेर पडलेली माणसं हेच त्यांचं गिऱ्हाईक. हंगाम फेब्रुवारी ते मे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे तीन आठवडे सगळ्यात जास्त घाईचे.

सध्याची पद्धत अशी. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवतं. वहिनी (आक्कांची सून) रक्कम सांगतात आणि क्यूआरचा फोटो पाठवतात. गिऱ्हाईक पैसे भरून स्क्रीनशॉट पाठवतं. वहिनी वहीत नाव लिहून पुढे निळ्या पेनाने खूण करतात, की पार्सल बांधायला घेतात. क्यूआर आक्कांच्या बचत खात्याचा आहे आणि बँकेचा एसएमएस जातो त्यांच्या मुलाच्या फोनवर. मुलगा दिवसभर शेतात. म्हणजे पैसा खरंच आला का, हे पार्सल बांधणाऱ्या माणसाला कळायला रात्र होते.

गेल्या उन्हाळ्यात १,८४० रुपयांचा एक स्क्रीनशॉट खोटा निघाला. माल गेला, पैसे आलेच नव्हते. आक्का म्हणाल्या, "पोरी, पैशाचं एक वेळ जाऊ दे. पण त्या दिवसापासून मला खऱ्या गिऱ्हाइकाचाही संशय यायला लागला."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे. वेबसाइट, फोटो, रंग हे सगळं नंतर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जळगावला ऑफिसात दादांशी बसून पर्याय तपासले.

दादांचं म्हणणं असं: आपल्याकडे असे पाच-सहा छोटे धंदेवाले आहेत. प्रत्येकाची वेगळी कागदपत्रं करत बसण्यापेक्षा सगळ्यांचे पैसे आपल्या कंपनीच्या खात्यात घेऊ आणि दर शनिवारी ज्याचे त्याला पाठवू. कागद एकदाच, काम झटपट.

मी ठाम नाही म्हटलं. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाचा पैसा आपल्या खात्यात गोळा करून पुढे वाटणं म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटरचं काम. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी त्यासाठी नियम काढले. बँक नसलेल्या कंपनीला त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, अर्ज करतानाच किमान १५ कोटींची नक्त मालमत्ता लागते, आणि धंदेवाल्यांचा पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच पैशासाठीच्या खात्यात, वेगळा ठेवावा लागतो. आपण चार माणसांचं ऑफिस. उद्या आपलं खातं कुठल्या कारणाने अडकलं, तर आक्कांच्या चौदा बायांची मजुरी अडकेल. नियम नसता तरीही मी हे करू दिलं नसतं.

पेमेंट गेटवे आणि अ‍ॅग्रिगेटर हे दोन शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरतात, म्हणून इथे नोंदवून ठेवते. गेटवे फक्त रस्ता देतो, पैशाला हात लावत नाही. अ‍ॅग्रिगेटर गिऱ्हाइकाचा पैसा स्वीकारतो आणि आपली कपात करून धंदेवाल्याच्या खात्यात टाकतो. आपण यातलं काहीच नाही. आपण धंदेवाल्याची यंत्रणा अ‍ॅग्रिगेटरला जोडून देणारे. पैसा आपल्या हातात क्षणभरही येता कामा नये.

दादांनी ऐकलं. मग खर्चाचा मुद्दा. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर (पैसे स्वीकारल्याबद्दल दुकानदाराकडून कापला जाणारा आकार) शून्य आहे. तरी मध्यस्थ कंपनी स्वतःच्या सेवेचे पैसे वेगळे लावू शकते, म्हणून करार ओळ न ओळ वाचायचा. आपण निवडलेल्या करारात यूपीआयवर आकार नाही, कार्डावर २ टक्के आणि ऑर्डर २,००० रुपयांच्या वर असेल तर त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २,४०० रुपयांची ऑर्डर क्रेडिट कार्डाने आली तर ४८ रुपये आकार, त्यावर ८ रुपये ६४ पैसे कर, आक्कांच्या हातात २,३४३ रुपये ३६ पैसे. हा हिशेब आक्कांना आधीच दाखवायचा. नंतर पासबुकात कमी रक्कम दिसली की माणूस फसल्यासारखा होतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

केवायसी परत आलं. पॅनकार्डावर आक्कांचं सासरचं नाव, बँकेत मधलं नाव गाळलेलं, अन्न परवान्यावर उद्योगाचं नाव. तीन कागद, तीन नावं. अ‍ॅग्रिगेटरच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं.

वहिनी रडवेल्या झाल्या. त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. मी सांगितलं, वहिनी, निम्म्या बायकांच्या कागदांची हीच गत असते. लग्नानंतर नाव बदलतं, आणि कुठल्या कागदावर कधी बदललं याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. आता उद्योगाच्या नावाने चालू खातं उघडायचं, बँकेत नाव पॅनप्रमाणे करून घ्यायचं, मग पुन्हा अर्ज. दोन आठवडे जातील. वेळापत्रकात आपण हे धरलंच नव्हतं. पुढच्या प्रत्येक कामात पहिल्याच भेटीत पॅन, पासबुक आणि परवाना शेजारी शेजारी ठेवून नावं जुळवायची.

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा अमळनेर. वहीची पानं बघून डेटाबेसचा आराखडा करायचा होता.

एका पानावर थबकले. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या नावापुढे सोळा आकडी कार्ड नंबर, मुदत संपण्याचा महिना आणि मागचा तीन आकडी क्रमांक, सगळं निळ्या पेनाने व्यवस्थित लिहिलेलं. वहिनींनी सांगितलं, आजोबा फोनवर म्हणाले, मला ते मोबाइलचं जमत नाही, तुम्ही कार्डाचे आकडे घ्या आणि तिकडे टाका. वहिनींनी विश्वासाने लिहून घेतले. पुढे काय करायचं ते कळलं नाही म्हणून तसेच राहिले. आजोबांनी शेवटी मनीऑर्डर केली.

मी त्यांना शेजारी बसवून समजावलं. ते तीन आकडे म्हणजे तिजोरीची किल्ली. ते कोणी सांगितले तरी ऐकायचे नाहीत, लिहायचे तर नाहीतच. १ ऑक्टोबर २०२२ पासून मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांनाही गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर जपून ठेवायला मनाई आहे. त्या जागी टोकन ठेवतात, आणि ते टोकन त्या दुकानापलीकडे कोणाच्या कामाचं नाही. आपल्या वेबसाइटवरही कार्डाचे आकडे अ‍ॅग्रिगेटरच्या पानावरच टाकले जातील. आपल्या सर्व्हरला ते दिसणारही नाहीत, आणि तेच आपल्याला हवं आहे. वहिनींनी ते पान फाडलं आणि चुलीत घातलं.

मग वही. वर्षानुवर्षांची रीत आहे. डावीकडे नाव आणि माल, मध्ये 'कबूल', उजवीकडे 'जमा'. गिऱ्हाइकाने पैसे देतो म्हटलं की कबूलमध्ये आकडा. पैसा हातात आला की जमामध्ये. आक्का शाळा चौथीपर्यंत शिकल्या आहेत, पण कबूल आणि जमा यांची गल्लत त्यांनी कधी होऊ दिलेली नाही. गल्लत सुरू झाली ती स्क्रीनशॉट आल्यापासून. स्क्रीनशॉट हा कबूलचा पुरावा आहे, आणि सगळे त्याला जमा समजायला लागले.

ऑनलाइन व्यवहारात खरं तर तीन पायऱ्या असतात. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसा निघाला. अ‍ॅग्रिगेटरकडे तो आल्याची खात्री झाली. आणि आक्कांच्या खात्यात तो पडला. पहिली आणि दुसरी पायरी बहुतेक वेळा काही सेकंदांत उरकते, म्हणून लोकांना त्या एकच वाटतात. तिसरी पुढच्या कामाच्या दिवशी. आपल्या तक्त्यात 'कबूल', 'पक्कं' आणि 'खात्यात' असे तीन रकाने हवेत. पार्सल 'पक्कं' झाल्यावर निघेल, त्याआधी नाही. मजुरी 'खात्यात' बघून वाटायची, त्याआधी नाही. सगळ्या सॉफ्टवेअरचा कणा हाच राहील असं ठरवून टाकलं.

५ मार्च, बुधवार

डेटाबेसमध्ये रकमा रुपयांत नाही, पैशांत आणि पूर्णांकात ठेवायच्या. ऑफिसातल्या नव्या मुलाने दशांश अपूर्णांक वापरले होते. त्याला करून दाखवलं: संगणकात १.१५ ला १०० ने गुणलं की ११५ येत नाही, ११४.९९९ असं काहीतरी येतं, आणि पुढचा भाग छाटला की पैसा गेला. एक पैशाचा फरक पडला तरी ताळेबंद जुळत नाही, आणि तो एक पैसा शोधायला रात्र जाते.

११ मार्च, मंगळवार

केवायसी मंजूर. वेबहुक जोडलं.

वेबहुक म्हणजे काय, हे आक्कांना असं सांगितलं: गिऱ्हाइकाने पैसे भरले की अ‍ॅग्रिगेटरचा माणूस आपल्या दारावर येऊन निरोप देतो. आपण दार उघडून "समजलं" म्हणायचं. नाही म्हटलं तर तो थोड्या वेळाने पुन्हा येतो, पुन्हा येतो. आक्का लगेच म्हणाल्या, "आणि निरोप्या खोटा असला तर?"

अगदी बरोबर प्रश्न. वेबहुकचा पत्ता ज्याला कळला तो कोणीही खोटा निरोप पाठवू शकतो. म्हणून प्रत्येक निरोपावर सही असते. फक्त आपल्याला आणि अ‍ॅग्रिगेटरला माहीत असलेल्या गुप्त शब्दाने अख्ख्या मजकुराचा ठसा काढतात. आपणही तो काढून बघायचा. जुळला तरच निरोप खरा. मजकुरातला एक आकडा बदलला तरी ठसा बदलतो. स्क्रीनशॉटला असा ठसा नसतो. बाकी सगळं सोडलं तरी एवढ्या एका गोष्टीसाठी हे काम करण्यासारखं होतं.

चाचणीत एक घोटाळा सापडला. आपला सर्व्हर उत्तर द्यायला उशीर करत होता, म्हणून तोच निरोप दोनदा आला, आणि एका ऑर्डरची दोन पार्सलं यादीत पडली. आता प्रत्येक निरोपाचा क्रमांक आधी तपासला जातो. आधी येऊन गेलेला असेल तर नुसतं "समजलं" म्हणायचं, बाकी काही करायचं नाही. कामं मागाहून. निरोप नोंदवला की लगेच उत्तर, मग सावकाश पार्सल, पावती, एसएमएस.

२६ मार्च, बुधवार, रात्री

वेबसाइट सोमवारी सुरू झाली. आज संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास देशभर यूपीआय अडखळलं.

मी घरी भाकरी टाकत होते. वहिनींचा फोन. त्यांच्या दुसऱ्या फोनवर धुळ्याच्या एक आजी होत्या. वहिनींनी स्पीकर लावला. "मन्हा पैसा कटनात, आते मी काय करू?" मागे आजींचा नातू सांगत होता, मी पुन्हा भरतो, पुन्हा भरतो.

वेबसाइटवर त्या ऑर्डरपुढे मीच इंग्रजीत लिहिलेला 'पेंडिंग' हा एक शब्द आणि फिरणारं चक्र. बस. सत्तरीची बाई, हातातून ९२० रुपये गेलेले, आणि समोर एक चक्र फिरतंय. तिने काय समजायचं? मी वहिनींना सांगितलं, आजींना म्हणा, दुसऱ्यांदा भरू नका, पैसे एकतर आपल्याकडे येतील नाहीतर तुमच्या खात्यात परत जातील, हरवणार नाहीत.

रात्री साडेनऊला निरोप आला. ९२० पक्कं. आजींना फोन केला. दुसरे दोघे मात्र तेवढ्या वेळात दोनदा भरून मोकळे झाले होते.

चूक माझी आहे. सगळं सुरळीत चालेल तेव्हा काय दिसावं यावर मी तीन दिवस घालवले. अडलं तर काय दिसावं यावर दहा मिनिटंही नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

दिवसभर फक्त ते एक पान.

आधी नियम पुन्हा वाचला. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराकडे खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत व्हायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळते. हा हक्क गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना माहीत असतो. दुकानदारांना तर त्याहून कमी.

मग मजकूर. पहिला खर्डा सरकारी पत्रासारखा झाला: "आपला व्यवहार प्रक्रियेत आहे." खोडला. दुसरा नुसता धीर देणारा, त्यात माहिती काहीच नाही. तोही खोडला. शेवटी आक्कांना फोन लावला आणि विचारलं, गिऱ्हाईक ओट्यावर बसून हे विचारत असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? त्या बोलल्या, मी लिहून घेतलं. पानावर आता हे आहे:

"तुमच्या बँकेतून पैसे निघाले असतील, पण आमच्यापर्यंत अजून खात्री आलेली नाही. दुसऱ्यांदा पैसे भरू नका. खात्री आली की तुम्हाला एसएमएस येईल आणि पार्सल निघेल. नाही आली तर पैसे पाच दिवसांत तुमच्याच खात्यात परत जातात. तुमची ऑर्डर आम्ही धरून ठेवली आहे. अडचण वाटली तर फोन करा, आम्ही उचलतो."

"आम्ही उचलतो" हे आक्कांचे शब्द. दादा म्हणाले काढून टाक, फोन वाढतील. मी ठेवले. भरणा अडकलेला असताना 'पुन्हा भरा' हे बटणही पहिली १५ मिनिटं दिसणार नाही.

१ एप्रिल, मंगळवार

आक्का घाबरल्या. काल पक्के झालेले पैसे आज खात्यात यायला हवे होते, आले नाहीत. आज वार्षिक हिशेबासाठी बँका गिऱ्हाइकांना बंद. गिऱ्हाईक सुट्टीतही यूपीआय करतं, रात्री बारालाही करतं, पण अ‍ॅग्रिगेटरकडून धंदेवाल्याकडे पैसा जातो तो कामाच्या दिवशी. मी हे फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं. मजुरीचा दिवस शनिवारऐवजी मंगळवार करावा असं सुचवलं. आक्का म्हणाल्या, बायांचा बाजार शनिवारी असतो. त्यामुळे मजुरी शनिवारीच राहील, आणि एका आठवड्याची मजुरी रोख बाजूला काढून ठेवायची. हे त्यांनीच ठरवलं, आणि माझ्या सूचनेपेक्षा ते चांगलं आहे.

५ एप्रिल, शनिवार

ताळमेळाचं काम. आपल्या धंद्यात हे कोणी दाखवायला सांगत नाही, आणि छोट्या दुकानदाराचं डोकं मात्र इथेच फिरतं.

खात्यात एकच रक्कम पडते. परवाची: ७,७६८ रुपये ०८ पैसे. आक्का विचारतात, यात कोणाकोणाचे? नऊ ऑर्डरींचे ८,४६०. त्यातल्या आठ यूपीआयच्या, ६,२६०, कपात नाही. एक कार्डाची, २,२००, आकार ४४ रुपये आणि कर ७ रुपये ९२ पैसे. राहिले ८,४०८ रुपये ०८ पैसे. त्यातून आदल्या दिवशीचा एक रिफंड, ६४० रुपये, वजा. जुळलं.

हे हाताने करायला मला वीस मिनिटं लागली. आता अ‍ॅग्रिगेटरचा रोजचा अहवाल सकाळी उतरवला जातो. बँकेतल्या रकमेच्या यूटीआर क्रमांकावरून (बँकेने त्या व्यवहाराला दिलेल्या क्रमांकावरून) त्या रकमेतल्या ऑर्डरी शोधल्या जातात, आणि जुळलेल्या ऑर्डरी 'खात्यात' या रकान्यात जातात. न जुळलेल्या लाल. लाल ओळ वहिनींनी पुसायची नाही, आम्हीही पुसायची नाही. कारण लिहूनच बंद करता येईल.

९ एप्रिल, बुधवार

तो ६४० चा रिफंड. नाशिकला बिबड्या फुटून पोहोचल्या. गिऱ्हाइकाने फोटो पाठवले, आक्कांनी लगेच पैसे परत करायला सांगितले. ठीक. पण काल दुसऱ्या एकाने मागणी केली की पैसे चुकून जास्त भरले, ते या दुसऱ्या नंबरवर परत पाठवा. वहिनी पाठवणारच होत्या.

नियम घातला: पैसा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जाईल, दुसऱ्या नंबरवर कधीही नाही. असा पैसा अनेकदा तिसऱ्याच कोणाचा तरी फसवून घेतलेला असतो. ज्याची फसवणूक झाली तो सायबर तक्रारीच्या १९३० या क्रमांकावर फोन करतो, आणि पैसा ज्या ज्या खात्यातून फिरला तिथे रक्कम गोठवली जाते. प्रामाणिक दुकानदाराचं खातं असं अडकलं की सोडवायला फार धावपळ होते. सॉफ्टवेअरमध्ये रिफंडचं बटण आता फक्त मूळ व्यवहारावर आहे. नंबर टाकायला जागाच ठेवलेली नाही.

त्या माणसाला तसं कळवलं. त्याचं पुन्हा उत्तर आलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

दुपारी पुन्हा देशभर यूपीआय ठप्पसारखं. उन्हाचा कडाका, बाहेर चिटपाखरू नाही, आणि अमळनेरला फोन एकामागून एक. पण या वेळी फोन वेगळे होते. वहिनी म्हणाल्या, "ताई, लोक विचारतात की एसएमएस कधी येईल. दोनदा कोणी भरलं नाही." एकही दुबार भरणा नाही. २७ मार्चचं पान कामी आलं.

सर्व्हरच्या नोंदी मात्र बघून मला वाईट वाटलं. पेंडिंग व्यवहाराचं काय झालं, हे आपला सर्व्हर दर पाच सेकंदांनी विचारत होता. एका तासात एका ऑर्डरसाठी ७२० वेळा. अ‍ॅग्रिगेटरने शेवटी आपले प्रश्न घेणंच थांबवलं, आणि खरी खात्री आली तेव्हा ती आपल्याला उशिरा कळली.

१७ एप्रिल, गुरुवार

बातम्यांतून आता समजतंय की १२ तारखेच्या अडचणीमागे हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर होता. व्यवहाराची स्थिती तपासणाऱ्या विचारणांचा बँकांकडून पूर आला आणि जुन्या व्यवहारांबद्दलही पुन्हा पुन्हा विचारलं जात होतं. आपले प्रश्न थेट तिथवर जात नाहीत. पण चूक तीच. घाबरलेलं यंत्र घाबरलेल्या माणसासारखं वागतं, सारखं विचारत सुटतं आणि रस्ता तुंबवतं.

बदल: पहिली विचारणा दीड मिनिटाने, मग पंधरा मिनिटांनी, मग दोन तासांनी. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळच्या अहवालातच बघायचं. अधेमधे वेबहुक आलं तर उत्तमच. नव्या मुलाने विचारलं, एवढा वेळ गिऱ्हाईक थांबेल का? थांबतं. काय चाललंय हे त्याला सांगितलं की थांबतं, हे शनिवारी दिसलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

आखाजीआधी पोहोचवायच्या ऑर्डरी आज बंद. एका दिवसात ६१ पार्सलं. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी आणि नवा मुलगा दोघेही संगणक सोडून पत्ते चिकटवत बसलो. लाल ओळी चार, त्यातल्या तीन संध्याकाळपर्यंत सुटल्या.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी. सुट्टी. माहेरी आले आहे, अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधलाय. एकदाच फोन बघितला. सर्व्हर चालू.

६ मे, मंगळवार

उरलेली चौथी लाल ओळ. सुरतच्या गिऱ्हाइकाचे ५६० रुपये. पैसे गेले, खात्री नाही, पाच दिवसांची मुदत उलटून गेली तरी परतही नाहीत. गिऱ्हाईक आक्कांवर चिडलेलं. त्याच्या बँकेचा आपल्याशी संबंध नाही असं सांगून हात झटकता आले असते. तसं केलं नाही. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, तारीख, वेळ आणि 'आमच्याकडे रक्कम आलेली नाही' असं उद्योगाच्या नावाचं पत्र तयार करून त्यांना पाठवलं. अ‍ॅपमध्ये तक्रार कुठे नोंदवायची आणि दर दिवसाची १०० रुपयांची भरपाई कशी मागायची, तेही मराठीत लिहून दिलं. असं पत्र आता लाल ओळीवरून एका बटणात निघतं.

१४ मे, बुधवार

५६० परत मिळाले. भरपाईचे पैसेही आले असं गिऱ्हाइकाने स्वतःहून कळवलं आणि दोन किलो नागलीचे पापड मागवले. लाल ओळ कारण लिहून बंद केली.

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बँकांना दिलेल्या सूचना वाचनात आल्या: स्थितीची पहिली विचारणा ९० सेकंदांनी, आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा. आपण एप्रिलमध्ये बसवलेलं वेळापत्रक यात बसतं.

२२ मे, गुरुवार

हंगामाचा शेवटचा टप्पा. मृग लागायच्या आत वाळवण संपवावं लागतं. एकदा हवा दमट झाली की बिबड्या वाळत नाहीत, बुरशी धरतात. आक्कांकडे आता उडदाचे पापड ४० किलो, कुरडया १२ किलो, बाकी संपलं. वेबसाइटवर मात्र अजून सगळं मागवता येतंय. काल तिघांनी शेवया मागवल्या, पैसे पक्के झाले, आणि शेवया नाहीतच. तीन रिफंड.

उद्या करायचं: साठा शून्य झाला की भरण्याचं बटण बंद. गिऱ्हाईक भरण्याच्या पानावर गेलं की तेवढा माल वीस मिनिटं त्याच्या नावाने बाजूला धरायचा, पैसे पक्के झाले नाहीत तर सोडायचा. पेंडिंग असेल तर सोडायचा नाही. वहिनींना साठा फोनवरूनच बदलता यावा, शेडमध्ये उभ्या उभ्या, कारण हात पिठाचे असतात. बटणं मोठी.